होमस्टे, आंबा, खानावळ: वेबसाइट करायच्या आधी लोक मला जे विचारतात ते सगळं एका जागी

मी कोकणातल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट करते. जास्त करून होमस्टेवाले आणि आंबा बागायतदार, अधूनमधून एखादी खानावळ. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि मी तेच तेच उत्तर टाइप करत बसते, म्हणून एकदाच लिहून काढलंय. वरचे प्रश्न साधे आहेत, खाली खाली किचकट होत जातात. जिथे उत्तर दुसरीकडे दिलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर टाकलाय.

१. आम्ही इन्स्टावर आहोत, गूगल मॅपवर आहोत, व्हॉट्सॲपवर तर आहोतच. मग वेबसाइट लागतेच का?

खरं सांगू? प्रत्येकाला नाही लागत. तीन खोल्या आहेत, दरवर्षी तेच पाहुणे येतात, मे महिना जानेवारीतच फुल होतो, असं असेल तर गूगलवरचं तुमचं बिझनेस प्रोफाइल नीट ठेवा, त्यातला फोन नंबर आणि नकाशावरची पिन बरोबर आहे ना बघा, आणि पैसे वाचवा. पिनचं मुद्दाम सांगतेय कारण वाडीतल्या गल्लीत ती हमखास चुकीच्या घरावर असते आणि पाहुणा रात्री नऊला शेजाऱ्याचं दार वाजवतो.

वेबसाइट लागते ती दोन वेळी. एक म्हणजे तेच उत्तर तुम्ही दिवसातून दहादा देताय तेव्हा. दुसरं म्हणजे नवीन माणसाने तुमच्याबद्दल घरच्यांना दाखवून ठरवायचं असतं तेव्हा. इन्स्टाची पोस्ट चार दिवसांत खाली जाते, मागच्या दिवाळीत टाकलेले दर कुणालाच सापडत नाहीत.

२. सुरुवात कुठून करायची? आधी डिझाइन की आधी मजकूर?

दोन्ही नाही. आधी वही.

शंभर पानी वही आणा, फोनशेजारी ठेवा आणि पंधरा दिवस जो फोन किंवा मेसेज येईल त्यातला प्रश्न समोरच्याच्या शब्दांत लिहा. "निवासव्यवस्थेबाबत चौकशी" असं नाही लिहायचं. "आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती आहेत हो" असंच्या असं लिहायचं. तोच प्रश्न परत आला की पुढे एक रेघ मारा.

गुहागरच्या बाजूच्या एका होमस्टेचं काम होतं. मालकांना वेबसाइट उघडल्या उघडल्या समुद्राचा ड्रोन व्हिडिओ हवा होता, शूटिंगवाल्याशी बोलणंही झालं होतं. मी म्हटलं आधी वही. पंधरा दिवसांनी वहीत काय होतं, तर सगळ्यात जास्त रेघा "टॉयलेटला कमोड आहे का" याच्यापुढे. मग "दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढते का, शेवटची बोट कितीला", मग "व्हेज वेगळं करता का, भांडी वेगळी असतात का", मग पायऱ्या. समुद्राबद्दल किती जणांनी विचारलं? एकानेही नाही. समुद्र आहे हे माहीत असतं म्हणूनच तर माणूस फोन करतो ना.

ती वही म्हणजेच तुमच्या वेबसाइटचा आराखडा. माझी अर्धी फी त्या वहीची आहे असं मी लोकांना सांगते, त्यांना ती थट्टा वाटते.

३. 'ऑडियन्स ठरवा' असं सगळे सांगतात. पण आमच्याकडे तर सगळेच येतात, कुणाला सोडू?

येतात सगळे, बुक करतो एकच. आणि जो बुक करतो तो आणि ज्याच्यासाठी बुकिंग आहे तो, हे बऱ्याचदा वेगळे असतात, इथेच गाडी अडते. ठाण्यातली सून सासूसासऱ्यांना घेऊन येणार असते, म्हणून कमोडचा प्रश्न. आंब्याचं तर त्याहून मजेशीर, खाणार दादरचे आईबाबा, पैसे भरणार न्यू जर्सीचा मुलगा, आणि पेटी घ्यायला दारात उभा वॉचमन.

"वय २५ ते ४५, शहरी, मध्यमवर्गीय" असलं काही लिहू नका, त्यातून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा प्रसंग लिहा: रात्रीचे अकरा वाजलेत, मुलं झोपलीत, मोबाइलची बॅटरी बारा टक्के आहे, तिला तीन होमस्टेपैकी एकाची लिंक नवऱ्याला पाठवायचीय. आता तुम्हीच सांगा, या बाईला ड्रोन व्हिडिओ दाखवायचा की खोल्या, दर आणि बाथरूमचा फोटो? अशी दोन माणसं लिहा, फार तर तीन. बाकीच्यांना हाकलत नाहीये आपण, फक्त वाद झाला की कुणाचं ऐकायचं ते ठरवतोय.

४. उद्देश काय लिहायचा? 'लोकांना माहिती मिळावी' चालेल का?

नाही चालणार, ते पंचांगालाही लागू होतं. हे वाक्य पूर्ण करा: "हे पान वाचून माणसाने ______ करावं." होमस्टे असेल तर "तारखा आणि माणसं लिहून व्हॉट्सॲप करावं". बागायतदार असेल तर "दोन पेट्यांची ऑर्डर द्यावी". खानावळ असेल तर "निघण्याआधी फोन करून ताट सांगून ठेवावं". रिकाम्या जागेत दोन गोष्टी आल्या तर पहिली कुठली ते ठरवा, त्याचंच बटण मोठं. सगळी बटणं मोठी केली तर एकही मोठं राहत नाही.

५. पानं किती हवीत? मेनूत काय काय ठेवायचं?

चार-पाच पुरतात. वहीतले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा, तुमच्या धंद्याशी काही संबंध नसलेल्या दोघातिघांना द्या आणि म्हणा, जे एकत्र वाटतं त्याचे ढीग करा. ढीग म्हणजे पान, ढिगाला ते जे नाव देतील ते मेनूतलं नाव. बहुतेक वेळा "खोल्या आणि दर", "जेवण", "कसं यायचं" असंच काहीतरी निघतं, "अमेनिटीज" असं आजवर एकानेही नाव दिलेलं नाही. "आमच्याविषयी" शेवटी.

"कसं यायचं" या पानावर कंजूषी नको. नुसता नकाशा चिकटवून भागत नाही. गुहागरला यायचं तर रेल्वेने चिपळूणला उतरायचं, दापोलीला खेड, मालवणला कुडाळ, आणि तिथून पुढे एसटी की रिक्षा, रात्रीच्या गाडीने आलं तर काय, हे लिहा. दापोलीकडून गाडी घेऊन येणाऱ्याला दाभोळ–धोपावे फेरीबोटीचं सांगा, नाहीतर शेवटची बोट चुकली की पूर्ण वळसा पडतो आणि शिव्या तुम्हाला.

६. दर लिहायचे का? शेजारी बघेल ना!

शेजाऱ्याला तुमचा दर पाठ आहे हो. तुमच्याकडे जागा नव्हती तेव्हा तुम्हीच नाही का पाहुणे त्याच्याकडे पाठवले?

दर लिहा. "दरासाठी संपर्क करा" लिहिलं की अर्धे लोक संपर्क करत नाहीत आणि जे करतात ते फक्त दर विचारून फोन ठेवतात. पण अर्धवट लिहू नका. जेवण धरून की सोडून, पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं काय, जादा गादीचे किती, ड्रायव्हरची सोय, नाताळचा आठवडा वेगळा का, हे सगळं त्याच जागी हवं.

आंब्याचं गणित वेगळं, तिथे भाव बाजाराप्रमाणे हलतो. पेटी किती डझनाची आणि फळ साधारण किती ग्रॅमचं हे कायम ठेवा, भावापुढे तारीख टाका. रोज बदलणं जमणार नसेल तर भाव लिहूच नका, कारण गुढीपाडव्याचा भाव मेच्या अखेरीला दिसला तर माणूस दुसऱ्या दुकानी जातो. कोण बदलणार हा प्रश्न खरा मोठा, तो १३ मध्ये.

७. मराठीत करू की इंग्रजीत?

वही बघा, प्रश्न कुठल्या भाषेत आलेत? मालवण-तारकर्लीला बेळगाव, बंगळुरू, गोव्याचे लोक भरपूर, तिथे इंग्रजी लागतंच. गुहागर-वेळणेश्वरला मराठी आधी. दोन्ही करायचं असेल तर दोन्ही पूर्ण करा, अर्धं पान मराठी आणि मध्येच इंग्रजी परिच्छेद असं नको. आणि मशीनने केलेलं भाषांतर घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. "घरगुती मासळी" चं काय काय झालेलं मी पाहिलंय.

मराठी करणार असाल तर दोन-तीन गोष्टी डेव्हलपरला सांगाच. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसेल अशा टायपिंगमध्ये. पत्रिका छापणाऱ्याकडून आलेली श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली फाइल तशीच चिकटवली तर वेबसाइटवर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि त्याचा फोटो करून टाकला तर गूगलला त्यातलं वाचायला कठीण आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तर त्यातलं काहीच कळत नाही. पानाला भाषेचा टॅग (हे पान कुठल्या भाषेत आहे हे सांगणारी कोडमधली खूण) मराठीचा लावायचा, हिंदीचा नाही. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात त्यात ते या टॅगवरून येतात, शिवाय वाचून दाखवणारा आवाजही त्यावरून ठरतो.

आणि हे फार कमी लोकांना माहितीय: 'पायऱ्या' मधला तो अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतीने टाइप होतो. दिसायला सारखा, पण कॉम्प्युटरसाठी वेगळा. त्यामुळे साइटवर शोधायची सोय दिली असेल तर 'किनाऱ्यावर' शोधलं आणि सापडलंच नाही असं होतं. एकच पद्धत धरा आणि शेवटी सगळं एकदा बदलून घ्या.

८. आंब्याची साइट आहे म्हणून सगळं केशरी-पिवळं केलंय, छान दिसतंय ना?

लांबून छान, वाचायला नाही. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं ही आंब्याच्या साइटवरची सगळ्यात कॉमन चूक. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जे जागतिक निकष आहेत त्यात साध्या अक्षरांसाठी अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढरं आणि नेहमीचा केशरी यांच्यात तो दोनच्या आसपास येतो. म्हणजे चष्मा शोधणाऱ्या काकांना आणि उन्हात मोबाइल धरलेल्या तुम्हालाही दिसणार नाही. केशरी पट्टी ठेवा, वर गडद तपकिरी अक्षरं द्या.

देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी बसवलेली टेंप्लेट तशीच वापरली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. मुक्ता किंवा नोटो हे फॉन्ट फुकट आहेत आणि लहान आकारात नीट वाचता येतात. नक्षीदार फॉन्ट फक्त नावाला.

९. ड्रोन व्हिडिओ काढलाय, पैसे गेलेत. आता तो टाकायचाच आहे.

टाका, पण यूट्यूबवर, आणि इथे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर त्याची लिंक. पहिल्या पानावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ म्हणजे घाटात अर्ध्या रेंजवर बसलेल्या माणसाची परीक्षा आहे. गूगलच्या हिशोबात पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं. कॅमेऱ्यातून निघालेले पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले तर ते शक्यच नाही, आकार कमी करून वेबपी फॉर्मॅटमध्ये द्या.

फोटो कशाचे, तर परत वही: बाथरूम, जिना, पार्किंग, जेवणाचं खरं ताट. खोलीचा फोटो दारातून काढा, कोपऱ्यातून फिरवलेला नको, दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते आणि मग पाहुणा आल्यावर तोंड उतरतं. नेटवरून दुसऱ्याच किनाऱ्याचा फोटो उचलून लावायचा नाही. तो कुणाच्या तरी मालकीचा असतो हे एक, आणि तारकर्ली कुठली आणि मालदीव कुठलं हे लोकांना कळतं हे दुसरं.

१०. चौकशीचा फॉर्म केवढा असावा?

नाव, फोन, तारखा, माणसं किती. बास. जन्मतारीख, ईमेल, "आमच्याबद्दल कुठून कळलं" हे सगळं काढा. आधारचा फोटो तर फॉर्ममध्ये अजिबात मागू नका, ओळखपत्र आल्यावर बघता येतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे, ज्या कामासाठी माहिती हवी तेवढीच घ्या आणि का घेताय ते सांगा.

११. साइटवरूनच आंबा विकायचाय, पैसेही तिथेच घ्यायचेत. काय काय लागेल?

इथे साइटचा उद्देश बदलतो, म्हणून पानंही बदलतात. पेमेंट गेटवेवाले (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी) खातं उघडण्याआधी पैसे परतीचे नियम, प्रायव्हसी, अटी आणि पत्ता-फोन असलेलं पान आहे का ते बघतात. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० सालचे आहेत, त्यात कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची ते साइटवर देणं आलं, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात. खाण्याची वस्तू म्हणून एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) नंबर तुम्हाला लागतो का तेही विचारून घ्या.

पण हे झालं कागदाचं. खरा प्रश्न साक्याचा, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो त्याचा. हापूसमध्ये साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, म्हणजे तुम्ही कितीही निवडून भरला तरी एखादं फळ निघणारच. हे लपवू नका, ठळक लिहा: साका निघाला तर किती दिवसांत फोटो पाठवायचा आणि बदल्यात काय मिळेल. ज्या बागायतदाराने हे लिहिलंय त्याच्यावर पहिल्यांदा घेणारा माणूस विश्वास ठेवतो. तसंच "फळ हिरवं आलं" ही तक्रार. पेटी अढीतून (आंबा पिकायला घालतात ती) कुठल्या टप्प्यावर निघते, घरी आणखी किती दिवस ठेवायची, पेंढ्यात कशी ठेवायची, हे पावतीसोबतच्या मेसेजमध्येच जाऊ दे.

जीआयबद्दल: कोकण हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, पण तो लोगो नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्यानेच लावायचा. तुमची नोंदणी असेल तर नंबर द्या, नसेल तर गाव आणि बागेचे फोटो द्या, लोगो नको.

१२. अमेरिकेतून मेसेज येतात, "इथे पाठवाल का?" साइटवर काय लिहू?

स्पष्ट "नाही" लिहा, आणि लगेच पुढे "पण". भारतातला आंबा अमेरिकेत २००७ पासून जातो, पण विकिरण करून (किडीसाठी फळांवर किरण सोडून) आणि तपासणी होऊन, लासलगावला त्यासाठी केंद्र आहे. दोन एकरवाल्याने कुरिअरने खोका पाठवायचं ते काम नाही.

"पण" असा की तिकडून पैसे भरून इकडे आईवडिलांना पेटी पाठवता येते, आणि हा गिऱ्हाईक भाव करत नाही. त्यासाठी फॉर्ममध्ये पैसे देणाऱ्याचं आणि पेटी घेणाऱ्याचं अशी दोन नावं, दोन फोन हवेत. आणि फोनच्या रकान्यात दहाच आकडे घेईन असा हट्ट नको. माझ्याच एका साइटवर ही चूक होती, परदेशातला नंबर टाकला की लाल अक्षरात "चुकीचा क्रमांक". अर्धा सीझन तसाच गेला, मला वाटत होतं की तिकडून कुणी येतच नाही. परदेशी कार्ड चालतं का हेही गेटवेवाल्याला आधी विचारा, ते वेगळं सुरू करून घ्यावं लागतं.

१३. जूनमध्ये सीझन संपतो. साइटचं काय करायचं?

वर्षातून तीन-चारदा पहिलं पान बदलायचं आणि त्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर आत्ताच लिहून ठेवायच्या. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, तारकर्लीचं स्कूबा बंद, आणि तुमच्या साइटवर निळ्या पाण्यातली माणसं पोहतायत, मग जुलैत आलेला पाहुणा भांडणारच. पावसातलं कोकण बघायला येणारे वेगळे लोक असतात, त्यांना धबधबा, गरम भजी आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का हे हवं असतं.

पण डिझाइनच्या आधीच ठरवा की बदलणार कोण. कॉलेजातली भाची? ती ऑगस्टमध्ये पुण्याला गेली की? कुणीच नसेल तर "ताज्या घडामोडी" नावाचा भागच नको. शेवटची घडामोड तीन वर्षांपूर्वीची दिसली तर माणसाला वाटतं धंदा बंद झाला.

१४. आमचा होमस्टेही आहे आणि आंबाही. एक साइट की दोन?

आंबा बहुतेक तुमचेच पाहुणे घेत असतील तर एकच, पहिल्या पानावर दोन दारं, प्रत्येक दारामागे ४ मधलं वेगळं वाक्य. आंबा व्यापाऱ्यांना किंवा कॅनिंगला जात असेल तर त्याची साइटच नको, तो व्यवहार फोनवरच होतो. दोन साइट तेव्हाच, जेव्हा दोन वेगळी माणसं सांभाळणार असतील. एका घरात दोन भावांच्या दोन साइट मी केल्यात, पण त्याचं कारण वेबसाइटचं नव्हतं.

१५. डोमेन कुणाच्या नावावर घ्यायचं? आणि मराठीत नाव मिळतं का?

डोमेन म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता. तो तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या फोनवर. डेव्हलपरच्या नाही, माझ्याही नाही. सुरुवातीला मी स्वतः एकाचं डोमेन माझ्या ईमेलवर घेतलं होतं सोय म्हणून, पुढे तो ईमेल बघायचं सुटलं, नूतनीकरणाची आठवण कुणालाच दिसली नाही आणि ऐन एप्रिलमध्ये साइट बंद. पैसे किरकोळ होते, लाज मोठी होती.

देवनागरीत डॉट भारत २०१४ पासून मिळतं, हौस म्हणून जरूर घ्या आणि मुख्य साइटकडे वळवा. पण मुख्य नाव असं ठेवा की फोनवर एकदा सांगितलं आणि समोरच्याने बरोबर टाइप केलं. 'वाडी' चं इंग्रजी स्पेलिंग पाच जणांना लिहायला सांगा, मग कळेल.

१६. जुनी साइट आहे, नवीन केली तर गूगलवरून गायब होऊ का?

जुन्या पानांचे पत्ते बदलले आणि काहीच केलं नाही तर हो, बराच काळ. प्रत्येक जुना पत्ता त्याच्या जागी आलेल्या नव्या पानाकडे कायमचा वळवा, त्याला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात. सगळे पहिल्या पानाकडे वळवणं म्हणजे दर विचारणाऱ्याला अंगणात आणून सोडणं.

१७. झाली एकदाची तयार. बरोबर झालीय हे कसं कळणार?

घरच्यांना विचारू नका, ते "मस्त" म्हणतील. ओळखीतल्या पण धंद्याबाहेरच्या पाच जणांना एकेकटं गाठा. पाच का, तर वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलंय की पाच माणसांत बहुतेक मोठे घोळ दिसून येतात. मोबाइल हातात द्या, काम सांगा: "आईला घेऊन जायचंय, जिने चढावे लागतात का शोध." आणि गप्प बसा. "वर बघ ना, मेनूत आहे" हे तोंडातून गेलं की टेस्ट संपली. कुठे अंगठा थांबतो ते बघा.

मग वही परत उघडा. नवीन पान, पंधरा दिवस. कुठले प्रश्न यायचे थांबले आणि कुठले अजून येतायत. गुहागरच्या त्या घरी कमोडची चौकशी जवळजवळ बंद झाली, आणि तिच्या जागी नवाच प्रश्न आला, "गरम पाणी सोलरचं की बंबाचं?" मालकांनी वैतागून बंबाचा फोटो काढला आणि साइटवर टाकला. आता शहरातली पोरं सकाळी उठून बंबात लाकडं घालायला रांग लावतात, आणि वहीत ताजी ओळ आहे: "मुलांना बंब पेटवू देता का?"